यकृताचा कॅन्सर टाळायचा तर आधी जन्मसाल बघा

रक्त द्यायला खुर्चीत बसलेल्या माणसाला मी हल्ली सुई टोचण्याआधी जन्मसाल विचारतो. त्याला वाटतं, फॉर्म भरायला विचारतोय. कारण वेगळं असतं. हिपॅटायटिस बी या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची लस आपल्या सरकारी लसीकरणात २००२-०३ मध्ये मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत आली, आणि देशभर पोचेपर्यंत २०११ उजाडलं. त्याआधी जन्मलेल्यांपैकी ज्यांच्या आईवडिलांनी खासगी दवाखान्यात पदरचे पैसे घालून ती टोचून घेतली, ते वाचले. बाकी घर चालवणारी, रिक्षा चालवणारी, शेती करणारी, कॉलेजात जाणारीसुद्धा बरीच मंडळी बिनलसीची आहेत आणि त्यांना ते ठाऊकही नाही.

यकृताच्या कॅन्सरबद्दल लिहायचं आणि सुरुवात लसीपासून, हे काहींना उलटं वाटेल. पण हा कॅन्सर बहुतेक वेळा आभाळातून पडत नाही. त्याच्या वाटा माहीत आहेत: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू, यकृतात साचणारी चरबी आणि बुरशी लागलेलं धान्य. २०२२ साली जगात साडेसात लाखांहून जास्त माणसं या कॅन्सरने गेली. यातल्या प्रत्येक वाटेवर आडवं उभं राहता येतं, आणि तेही वीस-तीस वर्षं आधी.

मी डॉक्टर नाही. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. आमच्याकडे आखातात निघालेली पोरं मेडिकलच्या आधी स्वतःची खात्री करून घ्यायला येतात. तिथल्या व्हिसासाठी हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी असते, रिपोर्ट वाईट आला की ‘अनफिट’. मागे असाच सव्वीस वर्षांचा एक मुलगा आला. बीच्या तपासणीच्या पट्टीवर सिरमचे, म्हणजे रक्तातल्या पातळ भागाचे थेंब सोडले. पाणी चढतं तशी ओल वर चढत गेली, आधी कंट्रोलची रेघ उमटली. पंधरा मिनिटांनी तिच्या खाली दुसरी, गडद. एकच रेघ म्हणजे विषाणूची खूण नाही, दोन म्हणजे आहे. दुसऱ्या किटवर पुन्हा केली, तेच. त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “दादा, काहीतरी चुकलंय. मला काहीच होत नाही. काल कबड्डी खेळून आलोय.”

चुकलं काहीच नव्हतं. यकृत दुखत नाही, तक्रार करत नाही. निम्म्याहून जास्त खराब झालं तरी उरलेलं काम ओढत राहतं. म्हणून ‘त्रास झाला की बघू’ हा हिशेब इथे चालत नाही.

पहिली पायरी: कुठली कावीळ, ते समजून घ्या

आपल्याकडे सगळ्याला ‘कावीळ’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कावीळ हे लक्षण आहे: डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावर वासना नाही. ते कशानेही होऊ शकतं.

हिपॅटायटिस ए आणि ई घाणेरड्या पाण्यातून, उघड्यावरच्या अन्नातून येतात. पावसाळ्यात गावात एकदम दहा जणांना झाली ती बहुधा ही. माणूस महिना-दोन महिने झोपतो आणि बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. कॅन्सरशी यांचा संबंध नाही. ईमध्ये गरोदर बाईच्या जिवाला मोठा धोका असतो, तेवढं मात्र विसरू नका.

बी आणि सी रक्तातून येतात, आणि अंगात मुक्काम करतात. बीला आपल्याकडे ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण नेमकं आहे: डोळे पांढरेच राहतात आणि आत काम चालू असतं. डी नावाचाही एक विषाणू आहे. तो फक्त बीच्या खांद्यावर बसून येतो, त्यामुळे बीची लस घेतली की त्याचीही काळजी मिटते.

आता माळेबद्दल. काविळीची माळ डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत पायापर्यंत आली की कावीळ उतरली, असं अजून चालतं. माळेतल्या हिरव्या काड्या सुकतात, दोरा सैल पडतो, माळ लांबते. हातावर आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, काविळ नसलेल्याचंसुद्धा. ए असेल तर माणूस तसाही बरा होणार असतो, श्रेय माळेला जातं. माझा राग त्या माळेवर नाही. राग याचा आहे की बी असलेल्याचे डोळेही काही आठवड्यांत पांढरे होतात, घरचे नारळ वाढवतात आणि पुढची वीस वर्षं कुणी रक्त तपासत नाही.

दुसरी पायरी: दोन तपासण्या, आयुष्यात एकदा तरी

लॅबमध्ये जाऊन ‘लिव्हरची टेस्ट करा’ म्हणू नका. तसं म्हटलं की आम्ही एलएफटी, म्हणजे यकृताच्या कामाची तपासणी करतो. त्यात बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी कळतं, पण विषाणू आहे की नाही ते कळत नाही. एलएफटी अगदी नॉर्मल आणि बी पॉझिटिव्ह, असे रिपोर्ट माझ्या हातून कितीतरी गेलेत. स्पष्ट सांगा: बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही. जुने डॉक्टर पहिलीला अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात, कारण अमेरिकेतल्या बारूक ब्लूमबर्ग यांना ती खूण पहिल्यांदा एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडली. त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा वाढदिवस २८ जुलै, तोच जागतिक हिपॅटायटिस दिन. आपल्या सरकारने २०१८ मध्ये त्याच दिवशी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यातून बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. चौकशीला सिव्हिल हॉस्पिटलपासून सुरुवात करा.

तपासणी कुणी आधी करावी? ज्यांच्या घरात कुणाला पांढरी कावीळ, सिरॉसिस (व्रण पडून पडून यकृत कडक होणं) किंवा यकृताचा कॅन्सर झालाय त्यांनी. २००२ च्या आधी रक्त चढवलेल्यांनी, कारण त्या काळात सगळ्या पिशव्या सीसाठी तपासल्या जात नव्हत्या. डायलिसिसवाल्यांनी, कधीही नशेच्या सुया वापरलेल्यांनी, दवाखान्यात आणि कचऱ्यात काम करणाऱ्यांनी, आणि प्रत्येक गरोदर बाईने.

रक्तदान केलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, बी, सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासते. शिबिरानंतर आठवडाभरात त्यांचा फोन आला की ‘भेटून जा’, तर टाळू नका. तो फोन पुन्हा रक्त मागायला केलेला नसतो.

रिपोर्टवर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ म्हणजे विषाणूची खूण सापडली नाही. ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणजे सापडली. अँटी-एचसीव्ही रिअॅक्टिव्ह आलं तर अजून घाबरायचं नाही. ते अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं दाखवतं. विषाणू येऊन गेला असेल किंवा अजून असेल. खरं काय ते एचसीव्ही आरएनए ही पुढची तपासणी सांगते.

तिसरी पायरी: नॉन-रिअॅक्टिव्ह आलात? मग लस

सीवर लस नाही. बीवर आहे, आणि कॅन्सर अडवणारी माणसाच्या हातात आलेली ही पहिली लस. तैवानमध्ये एके काळी बी घरोघरी होता. त्यांनी १९८४ मध्ये नवजात बाळांना टोचायला सुरुवात केली आणि ती पिढी मोठी झाली तेव्हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधलं यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं होतं. आपल्याकडे सुरुवातीला लस परदेशातून यायची आणि महाग असायची. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली तेव्हा कुठे किमती खाली आल्या.

मोठ्यांसाठी तीन डोस: आज, एक महिन्याने, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी. दंडावर घ्यायची. कंबरेत घेतली तर चरबीत अडकून नीट लागू पडत नाही, म्हणून कुणी कंबर पुढे करा म्हटलं तर नाही म्हणा. पहिले दोन डोस लोक उत्साहाने घेतात आणि तिसरा हमखास बुडवतात. सहा महिने ही मुदत विसरण्यासाठीच बनवल्यासारखी आहे. बुडला असेल तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला डोस घेऊन टाका.

तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिकार तयार झाला ते बघता येतं. १० किंवा जास्त आलं की संरक्षण मिळालं. सगळ्यांना हे करायची गरज नसते. नर्स, लॅबवाले, डायलिसिसचे रुग्ण, घरात बी असलेलं माणूस यांनी करावं, कारण काहींच्या अंगी लस पहिल्या फेरीत लागत नाही. माझं स्वतःचं टायटर पहिल्या वेळी ४ आलं होतं. रोज सुया हाताळणारा माणूस मी, त्या रात्री झोप लागली नाही. पुन्हा तीन डोस घेतले, मग लागली, लस आणि झोप दोन्ही.

चौथी पायरी: बाळाचे पहिले चोवीस तास

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची म्हटली तर मी ही निवडीन. बीची लागण मोठ्या वयात झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचं शरीर विषाणू स्वतःच हाकलून देतं. जन्माच्या वेळी आईकडून झाली तर उलटं: दहातल्या नऊ बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. चाळिशीत कॅन्सर निघतो तो बहुतेकदा बाळंतपणाच्या खोलीत सुरू झालेला असतो.

आपल्या वेळापत्रकात बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बीचा डोस आहे. नर्स त्याला ‘झिरो डोस’ म्हणतात. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा, म्हणजे पाच आजारांच्या एकत्र लसीत बीचाही अंश असतो. पेंटाला आशाताई घरी येऊन आठवण करतात, ते सहसा चुकत नाही. चुकतो तो झिरो डोस. रविवारी, सणाला, रात्री जन्मलेल्या बाळाचा ‘सोमवारी देऊ’ म्हणून राहिलेला मी पाहिला आहे. डिस्चार्जच्या आधी लसीकरणाच्या कार्डावर त्या चौकटीत तारीख पडली आहे का, ते आजीने नाहीतर मामाने स्वतः डोळ्यांनी बघावं. बाळंतिणीच्या डोक्याला तेव्हा दुसरे व्याप असतात.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शनही लागतं, दुसऱ्या मांडीत, शक्यतो बारा तासांच्या आत. ते प्रत्येक दवाखान्याच्या फ्रीजमध्ये नसतं, आधी मागवून ठेवावं लागतं. आईच्या रक्तात विषाणूचं प्रमाण फार जास्त असेल तर सातव्या महिन्यापासून तिला टेनोफोव्हिरची गोळी सुरू करतात. अंगावर पाजायला हरकत नाही.

आपल्याकडे यात एक खास आपली अडचण आहे: बाळंतपण माहेरी. तपासण्या सासरच्या दवाखान्यात, फाइल सासरच्या कपाटात आणि कळा सुरू झाल्या तीनशे किलोमीटर दूर. नव्या डॉक्टरला काहीच ठाऊक नसतं. सातव्या महिन्यात ओटी भरून पाठवता तेव्हा पिशवीत तो एचबीएसएजीचा कागद घाला. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल.

पाचवी पायरी: रिअॅक्टिव्ह आलात तर

पहिल्या दिवशी कुणाला सांगायचं, हा प्रश्न मला औषधापेक्षा जास्त वेळा विचारला जातो. तर: घरच्यांना सांगावंच लागेल, कारण त्यांची तपासणी आणि लस तुमच्या सांगण्यावर अवलंबून आहे. गावाला सांगायची गरज नाही.

बी ताटातून, पेल्यातून, खोकल्यातून, मिठी मारण्यातून पसरत नाही. एका घरात सुनेचं ताट-वाटी वेगळी ठेवलेली मी पाहिली आणि त्याच घरात दाढीचं रेझर बापलेक दोघे एकच वापरत होते. उलट हवं होतं. वेगळं ठेवायचं ते रेझर, टूथब्रश, नेलकटर, कानातलं. जोडीदाराचे तीन डोस पूर्ण होऊन संरक्षण मिळेपर्यंत कंडोम. जखमेवर पट्टी, आणि रक्त सांडलं तर हातमोजे घालून ब्लीचिंगच्या पाण्याने पुसायचं. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो.

बी असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा एचबीएसएजी. तेव्हाही रिअॅक्टिव्ह म्हणजे मुक्काम कायमचा. मग एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे ते), एसजीपीटी, सोनोग्राफी, जमलं तर फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारा). प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असं नाही, ते डॉक्टर या आकड्यांवरून ठरवतात. गोळी सुरू झाली, बहुधा टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, तर ती विषाणूला दाबून ठेवते, बहुतेकांत समूळ घालवत नाही. म्हणून बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. अचानक सोडल्यावर विषाणू उसळी मारतो आणि यकृत काही आठवड्यांत कोलमडू शकतं. दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड किंवा केमो सुरू होणार असेल तर त्या डॉक्टरांना आधी सांगा, तिथेही हीच उसळी येते.

सी असेल तर बातमी बरीच चांगली आहे. हा विषाणू सापडला १९८९ मध्ये आणि त्याच्या शोधाला नोबेल मिळालं २०२० मध्ये. त्या दरम्यान औषधं कुठल्या कुठे गेली. पूर्वी वर्षभर इंटरफेरॉनच्या सुया आणि त्यांचा ताप सोसूनही खात्री नसायची. आता सोफोस्बुव्हिर आणि डक्लाटास्व्हिरच्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरातले पंचाण्णव बरे. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासायचं. तेव्हा नाही सापडलं तर बरे झालात. इथे लोक एका ठिकाणी घाबरतात: बरे झाल्यावरही अँटी-एचसीव्ही जन्मभर रिअॅक्टिव्ह येत राहतं. नव्या नोकरीच्या मेडिकलमध्ये ते आलं की पुन्हा रडारड. आरएनए निगेटिव्हचा कागद लॅमिनेट करून ठेवा. आणि अंगात प्रतिकार तयार होत नाही, पुन्हा चुकीची सुई टोचली तर पुन्हा होऊ शकतो.

सहावी पायरी: सुई, वस्तरा, गोंदण

‘डॉक्टर, एक इंजेक्शन मारा म्हणजे लवकर बरं वाटेल’ हे वाक्य आपण थांबवलं तर निम्मं काम होईल. साध्या सर्दी-तापाला, अंगदुखीला इंजेक्शन लागत नाही. २००९ मध्ये शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात बीची साथ आली, कितीतरी माणसं दगावली, आणि तपासात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याचं निघालं. सुई लागतच असेल तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. सलाइन आणि औषधाच्या बाटलीतही जुनी सुई जाता कामा नये.

सलूनमध्ये ब्लेड नवीन हवं, पाकिटातून काढताना दिसायला हवं. तुरटीचा खडा गिऱ्हाइकागणिक फिरतो, तो टाळा. जत्रेत गोंदवणारी एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांची नावं गोंदवते. हौस असेल तर नवी सुई आणि नव्या वाटीतली शाई जिथे मिळते तिथेच. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, मान्य आहे, पण बारशाला त्याने तार नवी आणली आहे का तेही विचारा.

रक्त चढवायची वेळ आली तर परवानाधारक रक्तपेढीतलंच. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय की १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना बी झाला, पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं तेव्हा यकृताचा पाऊण भाग गेलेला होता. तरी ते ऐंशी ओलांडून काम करतायत. पॉझिटिव्ह आलेल्यांना धीर द्यायला मी हेच उदाहरण देतो.

सातवी पायरी: बाटली, पोट आणि दाण्याचा कूट

दारूबद्दल थोडक्यात. यकृताला ब्रँड कळत नाही, ग्रॅम कळतात. ६५० मिलीच्या साध्या पाच टक्के बिअरच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम अल्कोहोल असतं, व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये २०. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा मोठ्या पेगवाल्यापेक्षा जास्त पितो. गोव्याकडचे पाहुणे फेणी औषधी असल्याचं सांगतात. तिच्यातही तेच अल्कोहोल, तेवढंच कडक. अमुक इतकी सुरक्षित असं कॅन्सरच्या बाबतीत काही नाही, आणि बी, सी किंवा सिरॉसिस असेल तर एक थेंबही नको. सिगारेट-बिडीही या कॅन्सरच्या यादीत आहे.

न पिणाऱ्यांनी निश्चिंत होऊ नये. आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर सोनोग्राफी होते. तिथून खाली येणाऱ्या कागदांवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ इतकं नेहमीचं झालंय की लोक त्याला आजार मानत नाहीत. चरबी, मग सूज, मग व्रण, मग सिरॉसिस, अशी ही वाट सावकाश जाते आणि मधुमेह असेल तर वेगाने. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हा. टेप बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

एलएफटीचे आणि प्लेटलेटचे आकडे हातात असतील तर यकृतात व्रण किती पडलेत याचा अंदाज देणारा एक हिशेब घरी करता येतो, फिब-४ नावाचा. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. समजा वय ५२, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दीड लाख म्हणजे १५०. वर ५२ × ६० = ३१२०. खाली १५० × ८ = १२००. उत्तर २.६. साधारण १.३ च्या खाली असेल तर व्रणाची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे लगेच, मधे असेल तर फायब्रोस्कॅन करून घ्यावा. आमचा हा माणूस काठावर उभा आहे. पस्तिशीच्या खाली हा हिशेब नीट लागू होत नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ धरतात.

उपाय कुणालाच आवडत नाही असा आहे: वजन सात ते दहा टक्के कमी करणे. ऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो. रोज चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे झाली, ती बंद केली तरी महिन्याभरात एक किलोभर साखर पोटात जायची थांबते. कोल्ड्रिंक, पाकिटातला रस, चहाबरोबरची खारी-बिस्किटं यांना सुट्टी. रोज अर्धा तास घाम येईल इतकं चालणं. उपवासाने वजन उतरेल ही आशा ठेवू नका, साबुदाणा खिचडी आणि बटाट्याच्या पापडांवर एकादशी आणि दुप्पट खाशी हेच खरं. कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कॅन्सर कमी दिसतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलंय. आम्हा चहावाल्यांना ते थोडं लागलं.

आता दाणे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. बीच्या जोडीला ते आलं की कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या खेड्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृत निकामी होऊन गेली होती. आपल्या स्वयंपाकघरात धोका कुठे आहे? कुटात. चांगले टपोरे दाणे लाडूला, चिवड्याला जातात आणि सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे ‘कुटात खपतील’ म्हणून भाजून मिक्सरमध्ये. भाजून हे विष पुरतं जात नाही. किलोभर दाणे ताटात पसरा, सुरकुतलेला, हिरवट-काळा, कडवट असा एकेक वेचून फेका, गाई-म्हशींनाही घालू नका, दुधातून ते परत येतं. दाणे पावसाळ्याआधी कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि एका वेळी महिन्याचेच आणायचे.

यकृत ‘साफ’ करणाऱ्या काढ्यांविषयी: कोविडच्या वेळी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वाद त्यांचा चालू दे. तुमचं यकृत आधीच आजारी असेल तर डॉक्टरांना न विचारता कुठलाच काढा, कुठलंच भस्म, जिमच्या डब्यातली कुठलीच पावडर घेऊ नका.

आठवी पायरी: धोक्यात असलेल्यांची सहामाही

सिरॉसिस झालाय त्या प्रत्येकाने, कारण कुठलंही असो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. सी बरा झाला तरी सिरॉसिस राहिला असेल तर हे सुटत नाही. बीवाल्यांना मात्र सिरॉसिसची वाट बघावी लागत नाही, त्या विषाणूमुळे चांगल्या दिसणाऱ्या यकृतातही गाठ होऊ शकते. म्हणून बी असलेल्या पुरुषांनी चाळिशीपासून, बायकांनी पन्नाशीपासून, आणि घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर आधीपासूनच ही सहामाही धरावी. सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची गाठ सापडली तर ती कापता येते, जाळता येते. पोट फुगून, वजन उतरून, डोळे पिवळे होऊन माणूस येतो तेव्हा बहुधा फार थोडं हातात उरतं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही झालं तर सहामाही सोडा, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल.

त्या कबड्डीवाल्या मुलाचं आखात हुकलं. पण त्याच्या रिपोर्टमुळे आई तपासली, ती रिअॅक्टिव्ह. मग बहीण तपासली, तीही, आणि तिला तेव्हा पाचवा महिना होता. तिच्या बाळाला जन्मल्या दिवशी दोन्ही सुया मिळाल्या. वर्षाचं झाल्यावर त्याचं रक्त माझ्याकडेच आलं होतं. केवढा तो दंड, शीर सापडेना, ओरडून त्याने लॅब डोक्यावर घेतली. पट्टीवर एकच रेघ आली.

मामा आता पुण्यात नोकरीला आहे आणि वर्षातून दोनदा येतो. त्याच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्याच्या तपासणीच्या तारखेभोवती त्याच्या आईने लाल पेनाने गोल केलेला असतो. नवं कालनिर्णय आलं की रद्दीत टाकण्याआधी जुन्यावरचे गोल नव्यावर उतरवते. तुमचा तिसरा डोस पुढच्या वर्षात जात असेल तर तेवढं करून ठेवा.